'कोल्हापूर' नावाचं इंजिन कसं वाचावं

मंडळी, आजचा विषय ब्रिटिश रेल्वे इंजिनांचा आहे, आणि सुरुवात 'कोल्हापूर'पासून करायची आहे. हे एका वाफेच्या इंजिनाचं नाव. क्रमांक ४५५९३. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीनं १९३४ साली ते लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेसाठी, म्हणजे एलएमएससाठी बांधलं. आज ते बर्मिंगहॅमजवळच्या टाइस्ली शेडच्या संग्रहात आहे. या वर्गाला 'जुबिली' म्हणतात. एकूण १९१ जुबिली झाल्या आणि त्यातल्या बऱ्याच इंजिनांना साम्राज्यातल्या देशांची, प्रांतांची, संस्थानांची नावं दिली गेली. बॉम्बे, बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर, कोल्हापूर अशा पाट्या लावलेली इंजिनं लीड्स, कार्लाइलच्या बाजूला गाड्या ओढत होती. १९१ पैकी चार वाचली, आणि त्या चारांत आपलं कोल्हापूर आहे.

नावाची पाटी वाचून आनंद होतो, तो होऊ द्यावा. पण पाटीच्या खाली, मागे आणि आत जे आहे, तेही वाचता येतं. चाकं किती आणि केवढी, धुराडं उंच की आखूड, सिलिंडर बाहेर किती दिसतात आणि आत किती लपलेत, भट्टी अरुंद की रुंद, या प्रत्येक गोष्टीमागे कुणीतरी घेतलेला एक निर्णय असतो, आणि त्या निर्णयाचे परिणाम पुढची तीस वर्षं ड्रायव्हरनं आणि फिटरनं भोगलेले असतात. ब्रिटिश इंजिनांचं वेड लागलेल्या माणसाला हेच वाचायचं असतं.

चाकांपासून सुरुवात करू. इंग्रज माणूस इंजिन ओळखताना चाकं मोजतो: पुढची आधाराची, मधली ओढणारी, मागची आधाराची. कोल्हापूर ४-६-०. म्हणजे पुढे चार लहान चाकं, मग सहा मोठी, मागे काही नाही. 'पॅसिफिक' म्हटलं की ४-६-२. मागची दोन चाकं ज्या अर्थी आहेत, त्या अर्थी वर रुंद भट्टी आहे, हे न पाहता समजावं. मोठ्या चाकांच्या मध्ये बसणारी भट्टी लांब आणि अरुंद करावी लागते; चाकांच्या मागे गेली की ती रुंदावता येते, पण मग तिचं वजन पेलायला चाकं हवीत.

आता ब्रिटनची खरी अडचण. त्यांनी रेल्वे सगळ्यांच्या आधी बांधली. १८३०-४०च्या दशकातली इंजिनं लहान होती, म्हणून पूल, बोगदे, फलाट सगळं त्या मापानं झालं. रुळांमधलं अंतर ४ फूट साडेआठ इंच, म्हणजे युरोप-अमेरिकेइतकंच; पण गाडीला मिळणारी जागा साधारण नऊ फूट रुंद आणि तेरा फूट उंच. आपल्या ब्रॉडगेजचा डबा सव्वातीन मीटर रुंद असतो, त्यांचा सुमारे २.८ मीटर. या चौकटीत बॉयलर जाड करत गेलं की धुराडं आखूड होत जातं. १८५०चं इंजिन आणि १९३५चं इंजिन शेजारी ठेवून पाहा: धुराडं जवळजवळ नाहीसं झालेलं दिसेल. सिलिंडर बाहेरून मोठा करावा तर फलाटाला घासतो. मग जास्त ताकद हवी असेल तर तिसरा, चौथा सिलिंडर चौकटीच्या आत, दोन चाकांच्या मध्ये घालायचा. तिथं आस सरळ राहत नाही, तिला बाक द्यावा लागतो, आणि त्या बाकावर बसणाऱ्या मोठ्या बेअरिंगला तेल द्यायला माणसाला इंजिनाच्या पोटात शिरावं लागतं. ब्रिटिश इंजिनांचं सौंदर्य आणि ब्रिटिश इंजिनांचं दुखणं, दोन्हींचा उगम याच चौकटीत आहे.

वाफ कशी तयार होते, हे एकदा नीट पाहू. पुढचं सगळं त्यावर उभं आहे. रिचर्ड ट्रेव्हिथिकनं २१ फेब्रुवारी १८०४ रोजी वेल्समधल्या पेनीडॅरनला दहा टन लोखंड आणि सत्तरेक माणसं इंजिनानं सुमारे नऊ मैल ओढून दाखवली. इंजिन चाललं, बिडाचे रूळ त्याच्या वजनानं तुटले. पंचवीस वर्षांनी, ऑक्टोबर १८२९मध्ये, लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेनं रेनहिल इथं पाचशे पौंडांची स्पर्धा ठेवली, आणि स्टीफन्सन पितापुत्रांचं 'रॉकेट' जिंकलं. 'नॉव्हेल्टी' त्याच्याहून चपळ दिसत होतं, पण ते वारंवार बिघडलं. रॉकेटमध्ये तीन गोष्टी एकत्र आल्या. एका जाड नळीऐवजी २५ तांब्याच्या नळ्या, त्यामुळे आग आणि पाणी यांना भिडण्यासाठी कितीतरी जास्त पृष्ठभाग मिळाला. पाण्यानं वेढलेली स्वतंत्र भट्टी. आणि ब्लास्टपाइप.

ब्लास्टपाइपवर थोडं थांबू. सिलिंडरमधून काम करून बाहेर पडलेली वाफ एका तोटीतून धुराड्यात सोडायची. ती वर जाताना आपल्याबरोबर धूर ओढून नेते, मागे पोकळी होते, आणि भट्टीत खालून हवा खेचली जाते. इंजिन जितकं जोरात काम करतं, तितकी आग आपोआप भडकते. फुंकणी इंजिनातच आहे. पण तोटीचं माप चुकलं तर सगळं बिघडतं. तोटी मोठी असेल तर ओढ कमी पडते, वाफ पुरत नाही. लहान असेल तर वाफ तुंबून पिस्टनवर उलटा दाब येतो, शिवाय आग इतकी खेचली जाते की जाळीवरच्या निखाऱ्यांत भोकं पडतात आणि थंड हवा थेट नळ्यांवर आदळते. फरक पाव इंचाचा असतो. इंजिन 'वाफ धरत नाही' अशी तक्रार आली की जाणता फोरमन प्रथम स्मोकबॉक्सचं, म्हणजे धुराड्याखालच्या बॉयलरच्या पुढच्या पेटीचं, दार उघडून तोटी मधोमध आहे का, आणि दार हवाबंद बसतंय का, हे पाहायचा. त्या दाराच्या कडेतून हवा शिरली तरी ओढ मरते.

१ जानेवारी १९२३ला शंभराहून जास्त कंपन्यांच्या चार मोठ्या कंपन्या झाल्या: ग्रेट वेस्टर्न, एलएमएस, लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न आणि सदर्न. प्रत्येकीचा मुख्य अभियंता राजासारखा, त्याचा कारखाना त्याची राजधानी. ग्रेट वेस्टर्नचं स्विंडन, लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नचं डॉनकास्टर, एलएमएसचं क्रू ही गावांची नावं रेल्वेप्रेमी माणूस घराण्यांसारखी उच्चारतो, आणि ते योग्यच आहे. गाण्यात घराणं स्वर लावण्यावरून ओळखू येतं, तसं स्विंडनचं इंजिन लांबून ओळखू येतं: मागून पुढे निमुळता होत गेलेला, वर घुमट नसलेला बॉयलर, चौकोनी खांद्यांची भट्टी, पितळेचा सेफ्टी व्हॉल्व्ह, तांब्याच्या काठाचं धुराडं.

स्विंडन आणि डॉनकास्टर या दोन घराण्यांची जुगलबंदी १९२५मध्ये खरोखर झाली. ग्रेट वेस्टर्नचं 'पेंडेनिस कॅसल' लंडनच्या किंग्ज क्रॉसहून डॉनकास्टरच्या गाड्या ओढायला गेलं, आणि डॉनकास्टरचं पॅसिफिक 'व्हिक्टर वाइल्ड' ग्रेट वेस्टर्नच्या लंडनमधल्या पॅडिंग्टन स्थानकाला आलं. कॅसल आकारानं लहान, भट्टीची जाळी जेमतेम तीस चौरस फूट. तरी त्यानं भारी गाड्या किंग्ज क्रॉसच्या चढावरून चाकं न घसरता नेल्या, आणि कोळसा कमी जाळला. कारण झडपांत होतं. बॉयलरचा दाबही कॅसलला चौरस इंचाला २२५ पौंड होता आणि पॅसिफिकला १८०, पण मोठा फरक झडपांचा.

ड्रायव्हर दोन गोष्टींनी इंजिन चालवतो. रेग्युलेटरनं वाफ सोडायची, आणि रिव्हर्सरनं ठरवायचं की पिस्टनच्या फेरीच्या किती हिश्श्यापर्यंत वाफ आत घ्यायची. सुटताना सुमारे ७५ टक्के. वेग आला की ते कमी करत २०, १५ टक्क्यांवर आणायचं. बाकीच्या फेरीत आत कोंडलेली वाफ फुगत काम करते, आणि तिच्यातली शेवटची शक्ती वसूल होते. पण झडपेची हालचाल आखूड असेल, तर १५ टक्क्यांवर झडप नुसती किलकिली होते. वाफ आत शिरतानाच गुदमरते आणि बाहेर पडतानाही. म्हणून डॉनकास्टरचे ड्रायव्हर रिव्हर्सर बराच पुढे ठेवून रेग्युलेटर अर्धवट उघडत, आणि कोळसा जात राही. स्विंडननं आपल्या आधीच्या मुख्य अभियंत्याच्या, चर्चवर्डच्या, काळापासून लांब हालचालीच्या झडपा लावल्या होत्या. डॉनकास्टरचा मुख्य अभियंता नायजेल ग्रेस्ली यानं हार मान्य करून आपल्या पॅसिफिकच्या झडपा बदलल्या, आणि मैलामागे सुमारे पन्नास पौंड लागणारा कोळसा चाळिसाच्या आत आला. इतका मोठा अभियंता प्रतिस्पर्ध्याकडून शिकला, हे या इतिहासातलं एक फार सुंदर पान आहे.

त्याच सुधारलेल्या पॅसिफिकपैकी 'फ्लाइंग स्कॉट्समन'. १ मे १९२८पासून लंडन ते एडिंबरा ३९२ मैल न थांबता. एवढं अंतर एका ड्रायव्हर-फायरमनच्या जोडीला झेपणारं नव्हतं, म्हणून टेंडरच्या, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीच्या, कडेनं १८ इंच रुंद आणि पाच फूट उंच बोळ काढला. त्यातून वाकून दुसरी जोडी धावत्या गाडीत इंजिनावर येई. पाणी वाटेत रुळांमधल्या लांब उथळ हौदांतून पन्हळ खाली सोडून उपसलं जाई. ३० नोव्हेंबर १९३४ला याच इंजिनाची ताशी शंभर मैल वेगाची अधिकृत नोंद झाली.

आणि मग 'मॅलार्ड'. ३ जुलै १९३८, ग्रँथमच्या दक्षिणेचा स्टोक उतार, सात डबे, सुमारे २४० टन. ड्रायव्हर जो डडिंग्टन, फायरमन टॉमी ब्रे. ताशी १२६ मैल, म्हणजे २०३ किलोमीटर. वाफेच्या इंजिनाचा हा विक्रम आजही मोडलेला नाही. चाकाचा व्यास ६ फूट ८ इंच, तेव्हा त्या वेगाला चाक सेकंदाला जवळजवळ नऊ फेरे घेत होतं, आणि तेवढ्या वेळा प्रत्येक पिस्टन २६ इंच पुढे जाऊन परत येत होता. बाहेरचं वारा कापणारं निमुळतं कवच सगळ्यांना दिसतं. पण खरी करामत आतली, दुहेरी धुराडं आणि मोकळी वाफवाट यांची. विक्रमानंतर मात्र मधल्या सिलिंडरचं मोठं बेअरिंग तापून वितळलं आणि गाडी पीटरबरोला थांबवून इंजिन बदलावं लागलं. त्या बेअरिंगमध्ये एक बडीशेपेच्या उग्र वासाची कुपी ठेवलेली असे. ती तापून फुटली की वास ड्रायव्हरपर्यंत पोचतो. बेअरिंग दिसत नाही, म्हणून ते नाकानं ओळखायचं.

मधलंच का तापलं? ग्रेस्लीच्या इंजिनांना तीन सिलिंडर, पण झडपा हलवणारी यंत्रणा फक्त बाहेरच्या दोघांना. मधल्या झडपेची हालचाल त्या दोन्हींची बेरीज करून, सिलिंडरच्या पुढे बसवलेल्या दोन आडव्या तरफांनी मिळवली जाई. कागदावर अतिशय देखणी युक्ती, आतली अवघड यंत्रणा वाचते. पण त्या तरफा स्मोकबॉक्सच्या खाली. राख झाडली की ती पिनांवर. पिना झिजल्या की सगळ्यांचा सैलपणा एकत्र होऊन मधल्या झडपेत उतरतो. वेगात तरफा लवतात, मधली झडप ठरल्यापेक्षा जास्त सरकते, आणि मधला सिलिंडर आपल्या वाट्यापेक्षा जास्त काम करू लागतो. त्याचा भार येतो थेट त्या बेअरिंगवर. युद्धाच्या काळात देखभाल ढिली पडली तेव्हा हे दुखणं फार वाढलं. शेवटी १९५०च्या दशकात स्विंडनहून डॉनकास्टरला आलेल्या केनेथ कुक यांनी चौकटी आणि आस दुर्बिणीनं, प्रकाशरेषेवर मापून बसवायला लावल्या आणि स्विंडन पद्धतीचं बेअरिंग दिलं. इंजिनं ग्रेस्लीचीच राहिली, तापणं मात्र जवळजवळ थांबलं. रेखाटन उत्तम असूनही जोडणीतली चूक इंजिन कसं खाते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

आता परत कोल्हापूरकडे. एलएमएसनं १९३२मध्ये विल्यम स्टॅनियरला स्विंडनहूनच आणलं, आणि तो स्विंडनची सवय बरोबर घेऊन आला. जुबिलीला तीन सिलिंडर, चाकं ६ फूट ९ इंच, दाब २२५ पौंड. झडपांच्या यंत्रणा तीन, तिन्ही स्वतंत्र. ग्रेस्लीची तरफ नाही. सगळं चांगलं, तरी पहिल्या जुबिली वाफ धरेनात. बॉयलरमधून निघालेली वाफ ओलसर असते; ती सिलिंडरच्या भिंतीला लागली की पाणी होते आणि वाया जाते. म्हणून तिला सुपरहीटरच्या नळ्यांतून पुन्हा तापवतात. स्विंडनला वेल्सचा उत्तम कोळसा मिळे आणि तिथं माफक सुपरहीट पुरत असे. स्टॅनियरनं तेच प्रमाण आणलं, सुपरहीटरचे १४ घटक. एलएमएसच्या मिश्र कोळशावर ते पुरलं नाही. मग घटक २४ पर्यंत वाढवले, तोटी आणि धुराड्याची मापं सुधारली, आणि तीच इंजिनं मिडलँडच्या चढांवर भरवशाची ठरली. १९६७च्या उन्हाळ्यातही लीड्सच्या होलबेक शेडमधून कोल्हापूर शनिवारच्या गाड्या घेऊन सेटल-कार्लाइलच्या घाटात जात होतं. त्याच ऑक्टोबरमध्ये ते सेवेतून काढलं गेलं.

११ ऑगस्ट १९६८ला ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरची नियमित वाफ संपली. शेवटचं नवं इंजिन 'इव्हनिंग स्टार' १९६०च्या मार्चमध्ये स्विंडनला तयार झालं होतं, आणि ते १९६५मध्ये, पाच वर्षांतच, निवृत्त झालं. डिझेलबद्दल थोडक्यात एवढंच, की तिथंही 'डेल्टिक'सारखी विलक्षण इंजिनं आहेत: त्रिकोणी रचनेची, प्रत्येकी १८ सिलिंडरची दोन इंजिनं एका कायेत, ३३०० अश्वशक्ती, आणि अशा २२ डेल्टिकनी पूर्व किनाऱ्यावरच्या ५५ पॅसिफिकचं काम घेतलं. तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे.

वाफेची इंजिनं वाचली ती बरीचशी साउथ वेल्समधल्या बॅरी गावातल्या वुडहॅम बंधूंच्या भंगार आवारामुळे. तिथं २९७ इंजिनं आली. वॅगन कापणं सोपं आणि वॅगन भरपूर, म्हणून डाय वुडहॅम यांनी आधी वॅगन कापल्या आणि इंजिनं समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभी राहिली. त्यातून २१३ इंजिनं हौशी मंडळींनी विकत घेऊन सोडवली. ती मिळाली तेव्हा पितळ, तांबं, दाबाचे काटे, बरेचदा कनेक्टिंग रॉडही गेलेले असत. कोल्हापूरची बहीण 'गॅलाटिया' मुळात दुसऱ्या जुबिलीसाठी सुटा बॉयलर मिळावा म्हणून घेतली गेली. आवारात घसरल्यामुळे तिचं मधलं चाक कापलेलं होतं, ते नव्यानं ओतावं लागलं. 'टॉर्नेडो'ची गोष्ट याही पुढची. त्या वर्गाची ४९ इंजिनं होती, सगळी भंगारात गेली. म्हणून लोकांनी वर्गणी काढून पन्नासावं बांधलं. बॉयलर जर्मनीत मायनिंगेनला झाला, आणि २००८मध्ये ते इंजिन धावलं.

इंजिन सुरू करायचं म्हणजे काय, तेही ऐका. थंड मोठं इंजिन घाईनं तापवत नाहीत. आदल्या दिवशी मंद आग घालतात. आतली भट्टी तांब्याची, बाहेरचं कवच पोलादाचं, दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, आणि त्यांना जोडणारे शेकडो स्टे घाईत ताणले तर गळू लागतात किंवा तुटतात. आग लावण्याआधी पाणी बघायचं, दोन्ही काचांमध्ये, आणि काचेचे कॉक उघडून खात्री करायची की दिसतंय ते खरं पाणी आहे, अडकलेलं नाही. हातब्रेक घट्ट, रेग्युलेटर बंद, रिव्हर्सर मधोमध, सिलिंडरचे ड्रेन कॉक उघडे. भट्टीच्या छतात शिशाचे प्लग असतात. पाणी छताखाली गेलं की शिसं वितळतं आणि वाफेचा फवारा आगीवर येऊन धोक्याची सूचना देतो. ती वेळ येणं हीच मोठी नामुष्की. वाफ चढत असताना तेल: प्रत्येक बेअरिंगची वाटी भरून तिच्यावर वेताचा तुकडा घातलेलं बूच, म्हणजे हवा आत जाईल आणि तेल उडणार नाही. पाणी भरणारे दोन्ही इंजेक्टर चालतात याची खात्री झाल्याशिवाय इंजिन शेडबाहेर नेत नाहीत. आणि ठरावीक दिवसांनी बॉयलर धुवायचा, नाहीतर जड पाण्याचा क्षार छतावर बसतो, उष्णता अडते आणि पत्रा फुगतो. जतन केलेल्या इंजिनाचा बॉयलर दर दहाएक वर्षांनी चौकटीवरून उचलून, नळ्या काढून तपासावा लागतो. बहुतेक इंजिनांचं आयुष्य धावण्यापेक्षा या तपासणीच्या रांगेतच जास्त जातं.

आपल्याकडचा एक धागा सांगायलाच हवा. एव्हरर्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज अभियंता. त्यानं बार्शी लाइट रेल्वे उभी केली, १८९७मध्ये, अडीच फुटांच्या रुळांवर. आसावरचं वजन सगळीकडे पाच टनांच्या मर्यादेत वाटून, म्हणजे हलक्या रुळांवर भारी माल जाईल. इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्याची. तोच अनुभव घेऊन त्यानं १९०४मध्ये इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही छोटी रेल्वे उभारली, आणि तिच्या दोन्ही किटसन इंजिनांच्या पुढे हिंदुस्थानातल्यासारखा मोठा दिवा होता. बार्शीचा धडा मॅनिफोल्डच्या दरीत गिरवला गेला.

शेवटी कान. दोन सिलिंडरचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके देतं, तीन सिलिंडरचं सहा. कॅसलला चार सिलिंडर असूनही ठोके चारच, कारण त्याच्या जोड्या एकदम सुटतात. इंजिन सुटताना प्रथम ड्रेन कॉकमधून फसफस वाफ येते. सिलिंडरमध्ये साचलेलं पाणी दाबलं जात नाही, ते बाहेर काढलं नाही तर झाकण फुटेल. कॉक बंद झाले की ठोके मोजा. ताशी पाच मैलांवर कोल्हापूर सेकंदाला दोन ठोके देईल, ते सहज मोजता येतात. साठ मैलांवर पंचवीस, तेव्हा नुसती घरघर ऐकू येते. ग्रेस्लीच्या झिजलेल्या इंजिनाचे ठोके लंगडतात. कोल्हापूरच्या तिन्ही यंत्रणा स्वतंत्र, म्हणून तिथं सहाही ठोके सारख्या अंतरावर पडायला हवेत. एखादा मागे राहिला, तर त्या सिलिंडरची झडप बसवताना माप चुकलंय किंवा कुठली तरी पिन झिजलीय, आणि हे फलाटावर उभ्या असलेल्या माणसालाही फिटरच्या आधी कळतं.